दोन ट्रेलर, पाच रात्री आणि एक वही

वीजजोडणी नसलेल्या जागी मुक्काम टाकला की पहिली रात्र कुणाचीही निभते. घरून काठोकाठ भरून आणलेली बॅटरी ती निभावते आणि वर ‘पुरतेय की’ असा खोटा धीरही देते. खरा हिशेब तिसऱ्या दिवशी उघडा पडतो. या मुक्कामात गाडीमागे ओढून न्यायचे, राहण्याची सोय असलेले दोन ट्रेलर शेजारीशेजारी उभे होते. दोघांचेही आकडे रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला वहीत उतरत होते. फ्रिज तोच, दिवे तेच, छतावरची पॅनेलही सारखी. फरक फक्त बॅटरीचा. वहीत त्यांची नावे थोरला आणि धाकटा.

थोरल्यात १०० अँपिअर-तासांच्या, बोलण्यात सगळे म्हणतात तसे १०० एएचच्या, दोन एजीएम, म्हणजे लेड-ॲसिड जातीच्या बंद, बॅटऱ्या. एकूण २०० एएच, वजन साठ किलोच्या आसपास. धाकट्यात १०० एएचची एकच लिथियम आयर्न फॉस्फेट, वजन जेमतेम बारा किलो. नावावरून थोरला दुप्पट वाटतो, पण एजीएम रोज निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने आटते. म्हणून तिचे १०० एएचच आपले समजायचे. लिथियमचे ९० बिनधास्त वापरता येतात. म्हणजे दोघांच्या पदरी जवळपास सारखीच शिल्लक. दोघांच्या छतावर १०० वॉटची दोन-दोन पॅनेल आणि त्यांची जास्तीत जास्त वीज बॅटरीत भरणारा एमपीपीटी कंट्रोलर, शिवाय दोघांत मिळून १२० वॉटचे घडीचे एक पॅनेल. ते आज कोणाला द्यायचे हा रोजचा प्रश्न होता, आणि ‘ज्याची टक्केवारी कमी त्याला’ हे त्याचे उत्तर नाही.

आदला दिवस

दोन्ही फ्रिज सकाळीच घरच्या विजेवर लावले. कोमट फ्रिज थंड करायला कॉम्प्रेसर सलग तीनेक तास चालतो. ४५ वॉटच्या फ्रिजला तेवढ्यात १०-१२ एएच लागतात. ते भिंतीच्या सॉकेटातून गेलेले बरे. आत ठेवायचे सामानही आधीच गार केलेले.

बॅटऱ्या ‘फुल’ झाल्या हे चार्जरच्या हिरव्या दिव्यावरून ठरवले नाही. एजीएम १४.४ व्होल्टवर असताना तिच्यात जाणारा करंट ४ अँपिअरच्या खाली, म्हणजे क्षमतेच्या दोन टक्क्यांवर, आला तेव्हा ती भरली असे धरले. लिथियमला १४.२ व्होल्ट दिले आणि करंट ५ अँपिअरखाली गेल्यावर शंटच्या, म्हणजे बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजणाऱ्या, मीटरवर १०० टक्के नोंदवले. मीटरमध्ये क्षमता आणि चार्जिंगची कार्यक्षमता भरून द्यावी लागते: थोरल्यासाठी २०० एएच आणि ९० टक्के, धाकट्यासाठी १०० एएच आणि ९९ टक्के. हे न भरता वापरलेला मीटर दोन दिवसांत बोलाफुलाला गाठ पडली तरच खरे सांगतो.

शंट बसवताना हमखास होणारी चूक इथेच तपासून घ्यावी. बॅटरीच्या निगेटिव्हला फक्त शंटची एकच तार हवी. बाकी सगळ्या निगेटिव्ह तारा शंटच्या पलीकडच्या टोकाला. सोलर कंट्रोलरची निगेटिव्ह थेट बॅटरीला जोडलेली राहिली तर मीटरला खर्च दिसतो, जमा दिसतच नाही. बॅटरी भरलेली असताना मीटर शून्य टक्के दाखवतो आणि माणसे नवीन बॅटरी आणायला निघतात.

थोरल्याच्या दोन बॅटऱ्या पॅरलल आहेत. त्यांची पॉझिटिव्ह तार एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घेतलेली असावी, तिरकी. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर तीच जास्त राबते आणि आधी मरते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला खेटून हवा. फ्यूजच्या अलीकडची तार कुठे घासली तर तिला आवरणारे काहीच नसते. नट सगळे पान्याने आवळले. ढिल्या नटावर ५० अँपिअर गेले की तो चटका बसण्याइतका तापतो.

वहीच्या पहिल्या पानावर खर्चाचा अंदाज लिहिला. फ्रिज दिवसाच्या ४० टक्के वेळ चालतो असे धरून ३६ एएच. दिवे ५. पाण्याचा पंप ७ अँपिअर ओढतो, पण दिवसभरात बारा मिनिटेच, म्हणून दीड. फोन-लॅपटॉप १०. गॅसगळतीचा अलार्म, रेडिओचा स्टँडबाय आणि यूएसबी सॉकेटांचे निळे दिवे यांचे मिळून पाव अँपिअर, पण ते चोवीस तास, म्हणून ६. बेरीज ५८-५९. गारठा पडला आणि डिझेल हीटर लावला तर रात्रीचे आणखी १०. जमेची बाजू: २०० वॉट, चांगल्या उन्हाचे पाच तास, आडव्या पॅनेलची आणि इतर तूट धरून ७० टक्के, म्हणजे ७०० वॉट-तास. १३.२ व्होल्टने भागले की ५३ एएच. म्हणजे स्वच्छ उन्हातही रोज पाचेक एएचचा खड्डा, आणि ढगाळ दिवशी चाळीसचा. घडीचे पॅनेल सोबत घेतले ते यासाठी. उन्हाकडे कललेले ठेवले तर ते आणखी ३० एएच देते.

पहिला दिवस: पोहोचणे आणि जागा

तीन तासांचा रस्ता. दुपारी तीनला तळ्याकाठच्या मोकळ्या पट्टीवर दोन्ही ट्रेलर उभे राहिले. सावलीची जागा मोहात पाडते, पण झाडाखाली ट्रेलर गार राहून फ्रिजचे जे पाच-सात एएच वाचतात त्याच्या कितीतरी पट छतावर बुडतात. ३६ सेलच्या पॅनेलमध्ये सावलीतल्या सेलांना वळसा देणारे साधारण दोन बायपास डायोड असतात. एका सेलवर नीट सावली पडली तरी निम्मे पॅनेल बाद होऊ शकते. थोरल्यावर एका फांदीचे टोक येत होते. त्याला दीड मीटर पुढे घेतले आणि त्याच उन्हात कंट्रोलरचा आकडा ४.१ वरून ६.८ अँपिअरवर गेला. जागा निवडताना दुपारचे ऊन सगळेच बघतात. सकाळी आठ-नऊला सूर्य कुठून येणार ते होकायंत्रावर पाहून ठेवले तर पुढे उपयोग होतो. चौथ्या दिवशी झालाच.

ट्रेलर आधी समतल केला, मग फ्रिजची जाळी मोकळी आहे ना ते पाहिले. कॉम्प्रेसर फ्रिज थोड्या कलत्या ट्रेलरमध्येही चालतो; पण त्याच्या मागची गरम हवा अडली की चालण्याची वेळ ४० टक्क्यांवरून ६०वर जायला वेळ लागत नाही. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज आहे त्यांचा मामला वेगळा. तो गॅसवरच चालवायचा, आणि त्याला समतल जागा लागतेच. बारा व्होल्टवर तो दहा ते पंधरा अँपिअर सलग ओढतो. अशा मुक्कामात बॅटरी एका रात्रीत रिकामी करायचा तो खात्रीचा उपाय.

संध्याकाळ: थोरला १०० टक्के, धाकटा १००.

दुसरा दिवस: स्वच्छ ऊन आणि वाया घालवलेली दुपार

सकाळी साडेसहा: थोरला ८० टक्के, धाकटा ६९. थोरल्याचे ४० एएच गेले, धाकट्याचे ३१. उपकरणे सारखी असताना नऊ एएचचा फरक कुठून आला? वहीतले आकडे कामी येतात ते इथे. थोरल्याचा इन्व्हर्टर रात्री चालू राहिला होता, त्याला काहीही जोडलेले नसताना. रिकामा इन्व्हर्टर ०.८ अँपिअर खात होता. अकरा तासांचे झाले नऊ एएच. हजार-दोन हजार वॉटचे बहुतेक इन्व्हर्टर असेच अर्धा ते दीड अँपिअर नुसते जागे राहण्यासाठी घेतात. म्हणून नियम केला: काम झाले की त्याचे बटण बंद. शिवाय फोन आणि लॅपटॉप १२ व्होल्टच्या चार्जरवर. बाराचे दोनशेतीस करायचे आणि पुन्हा वीस करायचे, या द्राविडी प्राणायामात पंधरा-वीस टक्के जातात.

याउलट विजेच्या किटलीबद्दल उगाच भीती असते. १५०० वॉटची किटली पाच मिनिटे म्हणजे १२५ वॉट-तास, इन्व्हर्टरची तूट धरून ११ एएच. एवढे दिवसाउजेडी परवडतात. अडचण येते ती करंटची. बारा व्होल्टवर किटली १४० अँपिअरच्या घरात ओढते. एजीएमचा व्होल्टेज त्या ओढीने खाली बसतो आणि बॅटरीत निम्मी वीज शिल्लक असतानाही इन्व्हर्टर ‘लो व्होल्टेज’ म्हणून शिट्टी मारतो. १०० एएचच्या लिथियममध्ये बहुधा १०० अँपिअरचा बीएमएस, म्हणजे आतला संरक्षक सर्किट, असतो, तो सरळ तोडूनच टाकतो. गॅसवर पाणी तापवावे, हे उत्तम.

भिंतीवरच्या चार दिव्यांच्या निर्देशकावर दोन्ही ट्रेलरमध्ये ‘फुल’ दिसत होते. तो फक्त व्होल्टेज मोजतो आणि पॅनेलवर ऊन पडले की व्होल्टेज चढतोच. एजीएमच्या व्होल्टेजला अर्थ येतो तो काही तास ना चार्ज ना लोड असे गेल्यावर: १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियममध्ये तोही आधार नाही. सत्तर टक्क्यांपासून चाळीसपर्यंत ती १३.२-१३.१ च्या आसपासच रेंगाळते आणि शेवटच्या दहा टक्क्यांत कड्यावरून उडी मारावी तशी कोसळते. लिथियम घेतली तर शंट घ्यायलाच हवा.

दिवसभर कोरडे ऊन. तरी २०० वॉटच्या पॅनेलांनी एकदाही १५५ च्या वर आकडा दाखवला नाही, आणि त्यात बिघाड काही नाही. पॅनेलवर छापलेले वॉट २५ अंश सेल-तापमानाला मोजलेले असतात. भर उन्हात सेल ६० अंशांवर जातो आणि प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के घट धरली तर १४ टक्के तिथेच गेले. उरलेले सपाट छताने आणि धुळीने नेले.

दुपारनंतर थोरल्याचा व्होल्टेज १४.४ ला टेकला आणि करंट आपोआप उतरत गेला. लेड-ॲसिड जातीचा हा स्वभावच आहे, शेवटचे वीस टक्के ती घोट-घोटाने पिते. छतावर ऊन भरपूर, पण घ्यायला कोणी नाही. अशा वेळी लॅपटॉप, टॉर्च, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावाव्यात. ती वीज तशीही वाया चाललेली असते. धाकट्याने मात्र आले तेवढे सगळे गिळले.

संध्याकाळ: थोरला ९०, धाकटा ९२. घडीचे पॅनेल दिवसभर पिशवीत पडून राहिले, कारण दोन्ही आकडे चांगले दिसत होते. मुक्कामातली सगळ्यात महाग चूक हीच.

तिसरा दिवस: ढग

सकाळी: थोरला ७५, धाकटा ६२. आकाश करडे, दहा वाजेपर्यंत पाऊसही. ढगाळ दिवशी छतावरून १४ एएच मिळाले, सकाळ ते संध्याकाळ खर्च २४. हवा गार असल्याने फ्रिज कमी चालला म्हणून खर्च २४ वर थांबला.

घडीचे पॅनेल आता बाहेर आले आणि धाकट्याला जोडले. त्याच्या पाठीवर कंट्रोलर चिकटवलेला होता. ही मांडणी विक्रीसाठी सोयीची, वापरायला वाईट. पॅनेलपासून बॅटरीपर्यंत दहा मीटर तार, जाऊन-येऊन वीस मीटर, जाडी २.५ चौरस मिलिमीटर. तांब्याचा हिशेब ०.०१७५ गुणिले २० भागिले २.५, म्हणजे ०.१४ ओहम. साडेसहा अँपिअर वाहिले की ०.९ व्होल्ट तारेतच. कंट्रोलरला वाटते आपण १४.२ देतोय, बॅटरीला पोहोचतात १३.३, मग तो ‘बॅटरी भरत आली’ समजून हात आखडता घेतो. म्हणून कंट्रोलर सोडवून बॅटरीच्या पेटीत नेला. तेच ०.९ व्होल्ट आता पॅनेलच्या १८ व्होल्टमधून वजा होतात, पाच टक्क्यांचा फटका, आणि बॅटरीचा व्होल्टेज कंट्रोलरला खरा दिसतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, सोडवताना उलट. कंट्रोलर सुरू होताना बॅटरीकडे पाहून बारा की चोवीस ते ठरवतो. आधी पॅनेल जोडले तर गोंधळतो, काही तर जळतात.

पॅनेल सूर्याच्या नेमके समोर आहे का, हे पाहायला त्यावर पेन्सिल काटकोनात उभी धरावी. तिची सावली नाहीशी झाली की दिशा आणि कल दोन्ही बरोबर. अर्थात ढगांत याचा उपयोग नाही. तेव्हा उजेड सगळ्या आभाळातून सारखाच झिरपतो आणि पॅनेल सपाट ठेवलेलेच बरे. त्याने दिवसाकाठी सहा एएच दिले. काल उन्हात तेच तीस देऊ शकले असते, आणि धाकटा संध्याकाळी १०० टक्क्यांवर असता. मिळेल ते ऊन शेवटच्या टक्क्यापर्यंत ओरपून ठेवायचे. ढगाळ दिवसाची सोय आदल्या स्वच्छ दिवशीच करून ठेवावी लागते.

दुपारपासून काटकसर. फ्रिज ३ अंशांवरून ५ वर. पाण्याच्या बाटल्या रात्री बाहेरच्या गारठ्यात ठेवून सकाळी फ्रिजमध्ये, म्हणजे फुकटची थंडाई. दिव्यांत फार वाचत नाही, एलईडीला पाव अँपिअर लागतो, पण स्टँडबायवाले एकेक शोधून बंद केले. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म यातून वगळले. ते दिवसाला दोन-अडीच एएच खातात ते खाऊ द्यायचे.

संध्याकाळ: थोरला ७०, धाकटा ५८. रात्री आभाळ उघडले आणि कडाका पडला.

चौथा दिवस: उणे दोन अंश

पहाटे पावणेपाचला थोरल्याचा डिझेल हीटर बंद पडला. पडद्यावर कमी व्होल्टेजचा कोड. बॅटरी ५७ टक्के, टर्मिनलवर ११.९ व्होल्ट. मग हीटरला कमी कसा मिळाला? हीटर पेटताना त्याचा इंधन पेटवणारा ग्लो प्लग एक-दोन मिनिटे दहा अँपिअर घेतो. पेटल्यावर दीड-दोनवर येतो. त्यामुळे दोष दिसतो तो फक्त पेटतानाच. तपासायची रीत सोपी आहे. हीटर पेटायला लावून मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा. एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी वाटेतल्या प्रत्येक जोडावर क्रमाने. चांगला जोड शून्याला चिकटून असतो. फ्यूजच्या घरापर्यंत ०.१, त्याच्या पलीकडे ०.९. म्हणजे ओलीने हिरवट पडलेल्या त्या एका घरात ०.८ व्होल्ट अडकले होते. पुढे चार मीटर तार, जाऊन-येऊन आठ, तीही २.५ चौरस मिलिमीटरची, तिचे ०.५६. अकरा पूर्णांक नऊमधून दीड वजा केले की १०.४, आणि बरेच हीटर साडेदहाच्या आसपास हात वर करतात. फ्यूजचे घर बदलले, तारेची टोके कापून त्यांवर नवी लग्स, म्हणजे जोडायची धातूची टोके, दाबून बसवली. हीटर पहिल्याच प्रयत्नात पेटला. तार ६ चौरस मिलिमीटरची टाकायची असे वहीत लिहून ठेवले. जळता हीटर मुख्य स्विचने कधीच बंद करू नये, हेही इथे सांगायला हवे. बंद केल्यावर पंखा काही मिनिटे चालून चेंबर गार करतो. मध्येच वीज तोडली तर आतले भाग तापून खराब होतात.

साडेसहा: थोरला ५५, धाकटा २८.

थोरल्याने निम्म्याची रेघ गाठत आणली होती, शिवाय शून्याच्या आसपास लेड-ॲसिड आपल्या क्षमतेतले पंधरा-वीस टक्के लपवून ठेवते. म्हणून जनरेटर, आणि तोही सकाळीच. रिकाम्या एजीएमला ३० अँपिअरचा चार्जर लावला तर ती पूर्ण ३० घेते; संध्याकाळी ८५ टक्क्यांवर लावला तर आठ-दहा घेते, आणि तेवढ्यासाठी इंधन जवळपास तितकेच जळते. उरलेले टक्के फुकटच्या उन्हाकडून घ्यायचे. साडेसात ते साडेनऊ जनरेटर चालला, ५५ चे ७९ झाले. छोट्या चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या भारातला कामी येणारा वाटा, ०.६५ च्या आसपास असतो, त्यामुळे पाचशे वॉट घेणारा चार्जर जनरेटरवर पावणेआठशे व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) भार टाकतो. ‘माझा सहाशेचा जनरेटर पाचशेच्या चार्जरला का बसतो’ याचे उत्तर तेच. जनरेटर ट्रेलरपासून किमान सहा मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धूर उलट दिशेला. शामियान्याखाली किंवा दाराशी कधीच नाही.

धाकट्याचे दुखणे वेगळे. आठ वाजता लख्ख ऊन, घडीचे पॅनेल पूर्वेला तोंड करून तयार, आणि चार्जिंग शून्य. त्याची बॅटरी गाडीला जोडायच्या पुढच्या दांडीवरच्या पेटीत होती. सेल उणे एकवर. लिथियम आयर्न फॉस्फेटला शून्याखाली चार्ज केले तर लिथियम धातू ॲनोडच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर साचतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही. म्हणून बीएमएस चार्जिंगचा दरवाजा बंद करतो आणि सेल काही अंश वर चढल्यावरच उघडतो. वीज काढून घेता येते, भरता येत नाही. पेटी सावलीत होती, १०.४० ला करंट सुरू झाला तोवर धाकटा २४ टक्क्यांवर आला होता आणि सकाळचे वीसेक एएच ऊन वाया गेले होते. दांडी पूर्वेकडे ठेवून ट्रेलर उभा केला असता तर पेटीवर आठलाच ऊन आले असते.

यावर कायमचा इलाज म्हणजे बॅटरी ट्रेलरच्या आत हलवणे. लिथियम वायू सोडत नाही, आत चालते. पाणी भरायची लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला बाहेरची हवाच लागते. दुसरा इलाज अंगभूत हीटरची बॅटरी. तात्पुरता तिसरा, गरम पाण्याची पिशवी. एक लिटर पाणी ६० अंशांवरून १० वर येताना २०० किलोज्यूलच्या वर उष्णता देते. निम्मी वाया गेली तरी बारा किलोची बॅटरी आठेक अंश चढते. पिशवी बुचाची, पक्की, टर्मिनलपासून लांब, बाजूला टेकवून. पेटीला आतून फोमचे अस्तर.

दुपारी छतावरच्या जोडीला घडीचे पॅनेलही धाकट्याकडे. संध्याकाळ: थोरला ८९, धाकटा ७२. एका दिवसात २४ वरून ७२, लिथियम हे करू शकते.

पाचवा दिवस: पॅनेल कोणाला

रात्र पुन्हा थंड. सकाळी: थोरला ७२, धाकटा ४०. साडेपाचला ठेवलेल्या पिशवीने आपले काम केले; धाकट्याचे चार्जिंग ७.५० ला सुरू.

आकडे बघितले तर घडीचे पॅनेल धाकट्याचे. दिले थोरल्याला. लिथियमला पूर्ण भरण्याची निकड नसते. ती चाळीस-साठच्या मध्ये आठवडाभर सुखाने राहते, फक्त मीटरचा हिशेब सरकू नये म्हणून अधूनमधून १०० ला न्यायची. लेड-ॲसिडचे उलट. ती चार-पाच दिवस अर्धवट राहिली की प्लेटवरचे सल्फेट कडक होत जाते आणि क्षमता कायमची घटते. तिला भरपूर करंटही लागतो आणि सबंध दिवसही. थोरल्याला पहिल्या दिवसानंतर १०० टक्के बघायला मिळालेले नव्हते. धाकट्याला उरलेल्या एका रात्रीपुरते छतावरचे ऊन पुरत होते.

थोरल्याच्या कंट्रोलरला बॅटरीच्या तापमानाचा सेन्सर जोडलेला आहे, आणि तो आज कामाला आला. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिडला २५ अंशांखाली प्रत्येक अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट जास्त लागतात. सकाळी दोन अंशांवर १४.४ च्या जागी १४.९ हवे. सेन्सर नसेल तर थंडीत बॅटरी उपाशी राहते आणि उन्हाळ्यात उकळते. लिथियमसाठी हीच भरपाई शून्य करून ठेवायची, नाहीतर थंडीत कंट्रोलर तिला नको तितका व्होल्टेज देतो.

साडेचारला थोरला १४.४ वर पाच अँपिअर घेत होता. संध्याकाळ: थोरला ९७, धाकटा ६४.

सहावा दिवस: परत

सकाळी: थोरला ८२, धाकटा ३४.

निघण्याआधी एक तपासणी. विजेचे ब्रेक असलेल्या ट्रेलरमध्ये दांडी सुटली तर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच ट्रेलरच्याच बॅटरीवर चालतो. ओढणाऱ्या गाडीचा तेव्हा काही उपयोग नसतो. प्रत्येक चाकाच्या ब्रेकला साधारण तीन अँपिअर, चार चाकांचे बारा. म्हणून पिन ओढून ब्रेक धरतात का ते पाच सेकंद पाहायचे. दोन गोष्टी घात करतात: बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून निघणे, आणि ब्रेकअवेची तार त्या मुख्य स्विचच्या पलीकडे जोडलेली असणे. लिथियम इतकी उतरली असेल की बीएमएसने तोडले, तर ब्रेकही नाहीत. ३४ टक्के यासाठी भरपूर आहेत, ४ नाहीत.

धाकट्यात गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आहे. तीन तास, २० अँपिअर, फ्रिजचे वजा करून ५५ एएच जमा. घरी पोहोचताना ८९. थोरला गाडीच्या प्लगमधल्या बारीक तारेने थेट जोडलेला. गाडी सुरू होताच १२ अँपिअर दिसले, वीस मिनिटांत चार. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज साडेबाराच्या आसपास उतरवतो आणि त्यातलेही निम्मे-अर्धे तारेत मुरते. तीन तासांत १२ एएच आले, पाच फ्रिजने खाल्ले, म्हणून घरी ८५.

घरी थोरला रात्रभर चार्जरवर, करंट ४ अँपिअरखाली जाईपर्यंत, आणि नंतरही महिन्याला एकदा. धाकट्याला उलट ६० पर्यंत उतरवून पॉझिटिव्ह तारच सोडवून ठेवली. मुख्य स्विच बंद केल्यावरही रेडिओची मेमरी आणि गॅसचा अलार्म मिळून ०.१२ अँपिअर चालूच होते. त्या हिशेबाने ६० एएच जेमतेम एकवीस दिवस पुरले असते.